सही नंबर तेवीस

मेसच्या नोटीस बोर्डावर, ‘ताटात अन्न टाकू नये’ या सूचनेच्या बरोबर खाली, गेले आठ दिवस एक कागद लटकतो आहे. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. ‘मा. जिमखाना प्रमुख यांस, विषय : फुटबॉल संघाचे नवीन प्रशिक्षक बदलणेबाबत. महोदय, सदर प्रशिक्षक हे संघास नकारात्मक खेळ खेळावयास लावत असून...’ वगैरे वगैरे. खाली एकसष्ट सह्या. त्यातली तेवीस नंबरची सही माझी. शेजारी आमटीचा डाग आहे, तोही माझाच.

ती सही मी का केली आणि आता का खुपतेय, एवढंच सांगायचंय. मराठी विभागाचा संपादक ‘काहीतरी लिही रे’ म्हणत तीन आठवडे मागे लागलाय. त्याला बहुतेक ‘पहिला पाऊस’ नाहीतर ‘हॉस्टेलचे दिवस’ हवं होतं. मिळतंय हे. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सगळं संपादकाच्या माथी!

तर केस अशी आहे. नवीन सर आले. दिवसभर एमआयडीसीत नोकरी करतात आणि संध्याकाळी सहाला ग्राउंडवर येतात. आल्या आल्या त्यांनी पहिले पंधरा दिवस पोरांना गोलवर शूट मारूच दिलं नाही. नुसतं उभं कुठं राहायचं, कोण कुणाला कव्हर करणार, बॉल गेला की किती पावलं मागं यायचं. त्यानंतर दोन मॅच झाल्या. पहिली ०-०, दुसरी ०-१. गेल्या वर्षी आपण ४-२ जिंकायचो, ३-५ हरायचो, आणि दोन्ही वेळा ढोल वाजायचा. या वर्षी ढोलवाला दुसऱ्या मॅचच्या हाफटाइमलाच घरी गेला. त्याच रात्री मेसमध्ये कागद आला आणि मी सही ठोकली. मी टीममध्ये नाही हे आधीच सांगतो. माझा फुटबॉल लाइनच्या बाहेरचा. पण ओरडण्यात मी कुणाला हार जाणार नाही.

सही करताना माझ्या डोक्यात आपले सर नव्हतेच. डोक्यात होता खालिद जमील.

ज्यांना फुटबॉल म्हणजे फक्त मेस्सी-रोनाल्डो वाटतो त्यांच्यासाठी थोडी माहिती. १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचा कोच झाला. जन्म कुवेतचा, पण माणूस आपल्या मुंबईच्या फुटबॉलमधला. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया अशा टीमकडून खेळला आणि २००९ मध्ये मुंबई एफसीचा कोच झाला. तिथं त्यानं सात वर्षं काढली. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू कमी, पण टीम दर वर्षी लीगमध्ये टिकून. २०१६ मध्ये त्याला काढलं. मग तो गेला मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे. ही टीम आधीच्या सीझनला चक्क खाली घसरली होती. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून तिला परत लीगमध्ये जागा मिळाली. आणि या टीमला घेऊन पठ्ठ्यानं २०१६-१७ ची आय-लीग जिंकली! ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी झाली आणि ऐझॉल चॅम्पियन. त्याच सीझनला मुंबई एफसी शेवटच्या नंबरवर राहून खाली गेली. असला योगायोग सिनेमात दाखवला असता तर आपण हसलो असतो.

पुढं ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर. २०२०-२१ च्या आयएसएलमध्ये नॉर्थईस्टला अर्ध्या सीझनमध्ये हातात घेऊन सेमीफायनलला नेलं. तोपर्यंत एकाही भारतीय कोचला ते जमलं नव्हतं. जमणार कसं? भारतीय माणसाला असिस्टंट म्हणून ठेवायचं आणि गोरा कोच पळून गेला की ‘बघ रे दोन महिने’ म्हणायचं, ही आपली पद्धत. २०२४-२५ ला जमशेदपूरला घेऊन तो पुन्हा सेमीफायनलला गेला, घरच्या मैदानावर मोहन बागानला २-१ हरवलं, आणि परतीच्या मॅचला अगदी शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन बाहेर पडला.

आता स्टाइल. आमच्या रूममध्ये यावरून उशा फेकल्या गेल्यात म्हणून नीट सांगतो. खालिदच्या टीमला बॉल आपल्याकडे ठेवायचा सोस नाही. दोन ओळी घट्ट, मधे फट नाही, समोरच्याला म्हणायचं ‘खेळ तू’. बॉल मिळाला की लांब मारायचा, थ्रो-इन आणि कॉर्नरवर तुटून पडायचं. बघायला सुंदर? नाही. बार्सिलोनाच्या जुन्या मॅचेस बघून मोठं झालेल्यांना तर हे म्हणजे पुरणपोळीच्या ताटात भाकरी-ठेचा.

आमच्या रूममध्ये तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष कोल्हापूरकर. त्याचा शाहू स्टेडियमचा अनुभव आमच्या सगळ्यांच्या वयाच्या बेरजेपेक्षा जास्त, असं त्याचं म्हणणं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं तो देवाची नावं घेतल्यासारखी घेतो. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला तेव्हा आपल्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, ही गोष्ट तो महिन्यातून एकदा तरी ऐकवतोच. त्याचं मत : “भावा, डिफेन्स करायला काय कोच लागतोय? गेट बंद करून बसायला वॉचमन पण चालतोय.”

दुसरा पक्ष मडगावचा. त्याचं दुःख वेगळं. आधीचा कोच मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवाचाही कोच होता आणि भारताचाही. गोव्यात त्याचा खेळ बघून आमचा हा मित्र फिदा होता. भारतासाठी मात्र त्याच मार्केझच्या आठ मॅच, त्यात जिंकलेली एकच, मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध ३-०. तरी मडगावकर म्हणतो, “पण पासिंग कितें होतें रे!” आता पासिंग चाटायचंय का?

तिसरा पक्ष मी. म्हणजे जिकडे जोर तिकडे.

ऑगस्टच्या शेवटी ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तानात काफा नेशन्स कप झाला. खालिदला कॅम्पसाठी मिळाले जेमतेम पंधरा दिवस, त्यात मोहन बागाननं खेळाडू सोडले नाहीत. देशात आयएसएलच जुलैपासून लांबणीवर पडलेली, कुणाच्या पायाला मॅचची सवय नाही. २९ ऑगस्टला पहिली मॅच यजमान ताजिकिस्तानशी. आम्ही मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून बघत होतो. पहिल्या पंधरा मिनिटांतच अन्वर अली आणि संदेश झिंगन, म्हणजे दोन्ही डिफेंडर, यांचे गोल! २-१ जिंकलो. परदेशात जवळजवळ दोन वर्षांनी मिळालेला विजय. मग इराणकडून ०-३. अफगाणिस्तानशी ०-०. आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचमध्ये ओमान. त्यांना आपण त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. ०-१ पिछाडीवरून उदांतानं बरोबरी केली, पेनल्टी शूटआउट, गुरप्रीतनं शेवटची अडवली, ३-२. रात्री कॉरिडॉरमध्ये एवढा दंगा झाला की रेक्टर सर चप्पल न घालता वर आले. त्या रात्री ‘वॉचमन पण चालतोय’ म्हणणारा कोल्हापूरकर माझ्या खांद्यावर बसला होता. हे मी रेकॉर्डवर आणतोय.

मग आला ऑक्टोबर.

आशियाई चषक २०२७ ची पात्रता. आपल्या गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश, आणि वर जाणार फक्त एक टीम. खालिद यायच्या आधीच आपण शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगमध्ये ०-१ करून बसलेलो. ९ ऑक्टोबरला सिंगापूरला त्यांच्या घरी १-१. त्यात झिंगनला दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच लाल कार्ड. दहा जणांनी उरलेला वेळ काढला आणि नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीनं गोल मारला. ती बरोबरी मला आजही जिंकल्यासारखी वाटते. पाच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला तीच टीम आपल्या घरी, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. मडगावकराचा भाऊ स्टँडमध्ये. आता जिंकायलाच हवं होतं.

चौदाव्या मिनिटाला छांगटेनं लांबून काय गोल मारला! नंतर... नंतर आपण मागं सरकलो. थोडं, मग आणखी थोडं. हाफटाइमच्या तोंडावर १-१. दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तोच त्यांचा साँग उई-यंग, १-२. संपलं. आशियाई चषकाचं दार बंद. मडगावकर रात्री जेवला नाही. कोल्हापूरकर नेहमीचं वाक्य बोलला नाही, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

मी मात्र बोललो. खूप बोललो. घाबरट कोच, एक गोल झाला की कुलूप लावणारा, याला क्लबची टीम वाचवता येते, देशाची टीम चालवता येत नाही. सिंगापूरच्या बाजूनं कोण उभा होता ठाऊक आहे? गॅव्हिन ली. वय पस्तीस, त्यांचाच देशी माणूस, तोही नवीन आणि तोही ‘तात्पुरता’. म्हणजे देशी कोच, वेळ नाही, या सगळ्या सबबी तिकडेही होत्या. आणि ते पुढं महिन्याभरात पात्र झाले, यजमान म्हणून नाही तर खेळून पहिल्यांदाच. या मुद्द्यावर मी रूममधले सगळे वाद जिंकले. एक बारीकशी गोष्ट तेव्हा सांगितली नाही : ली आधीच्या कोचचा असिस्टंट होता. त्याला पोरं माहीत होती. वाद जिंकायचा असला की अशा बारीक गोष्टी माणूस खिशात ठेवतो.

लगेच दिवाळी होती. मी मामाकडे सास्तूरला गेलो.

सास्तूर म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, “भूकंपाचं का?” हो, भूकंपाचंच. लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीबरोबर जी गावं गेली त्यातलं एक. मामा तेव्हा शाळेत होता. त्या पहाटेबद्दल तो बोलत नाही, आम्हीही विचारत नाही. आता जे गाव आहे ते नंतर वसवलेलं, सरळ रस्ते, मोकळ्या जागा. त्या मोकळ्या जागांवर पोरं काय खेळतात? खो-खो. आमच्या जिल्ह्यात तो खेळ नाही, आजार आहे. मामा पळती करायचा. त्याच्या नडगीवरच्या खुणा आम्हा भाच्यांना दर सुट्टीला दाखवल्या जातात.

पाडव्याच्या दुपारी मी त्याला सिंगापूरच्या मॅचचं रडगाणं ऐकवलं. मामाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्यानं फक्त विचारलं, “म्हंजी हा कोच पोरांना टिकायला शिकवतोय आन तुमाला ते नकोय?”

“टिकून काय करायचंय मामा? जिंकायला नको का?”

“आरं, तीन जणांची तुकडी आत जाती. नऊ मिनिटं हायती. पहिल्या तुकडीनं चार मिनिटं काढली तर पुढचा डाव उभा राहतोय. आमी पेपरात काय वाचायलाव? अमकी दोन मिनिटं वीस सेकंद पळाली, तमकी नाबाद दीड मिनिट. तिला कुनी म्हनतंय का, लई निगेटिव्ह पळायलीस म्हनून?”

मी गप्प. खरंच की! आमच्या खो-खोच्या बातम्यांत आधी संरक्षणाची मिनिटं येतात, मग टिपलेले गडी. जी पोरगी खांबापासून खांबापर्यंत हुलकावण्या देत टिकते तिच्यासाठी आख्खं ग्राउंड टाळ्या वाजवतं. तेच अकरा पोरांनी नव्वद मिनिटं केलं की आपण कागदावर लिहितो, ‘सदर प्रशिक्षक हे नकारात्मक’.

मामा पुढं जे बोलला ते मात्र खालिदच्या विरोधात जाणारं होतं, आणि मला ते जास्त पटलं. “पन एक हाय. पाठलाग आला की पाठलाग करावा लागतोय. तवा बी पळती करत बसला तर डाव गेला.” फातोर्ड्याला नेमकं हेच झालं. सिंगापूरमध्ये दहा जणांनी टिकणं हा पळतीचा डाव होता, तिथं तो बरोबर होता. घरच्या मैदानावर एक गोल पुढं असताना आपला पाठलागाचा डाव होता, आणि आपण खांबाला धरून उभे राहिलो. माझा आक्षेप एवढाच आणि तो मी मागं घेत नाही. पण ‘त्याची स्टाइलच वाईट’ आणि ‘त्या दिवशी त्यानं डाव चुकीचा ओळखला’ यात फरक आहे. पहिल्यासाठी माणूस काढतात. दुसऱ्यासाठी त्याच्याशी भांडतात, आणि पुढच्या मॅचला बघतात सुधारलं का.

वेळेचं म्हणाल तर आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. धाराशिवला डॉ. चंद्रजित जाधव यांनी वर्षानुवर्षं खो-खोची पोरं-पोरी घडवल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेली सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत, गुवाहाटीला, सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कॅप्टन होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला अर्जुन! घरची परिस्थिती इतकी हलाखीची की एका वेळच्या जेवणावर दिवस काढलेले, हे तिनं स्वतः सांगितलंय. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, महिलांच्या फायनलमध्ये नेपाळला ७८-४० हरवलं, त्या टीममध्येही धाराशिवची अश्विनी शिंदे होतीच. हे सगळं दोन मॅचनंतर सह्यांचा कागद फिरवून झालं असतं का? कोच तोच, ग्राउंड तेच, आणि पोरी एकामागून एक येत राहिल्या.

फुटबॉलमध्येही आपल्याकडे हे एकदा झालंय. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर, १९५० पासून १९६३ मध्ये वारेपर्यंत भारतीय संघाचे कोच होते. १९५१ चं आशियाई सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला चौथा नंबर, १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण, फायनलमध्ये दक्षिण कोरिया २-१. तेरा वर्षं एक माणूस. मधे १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्लेला! आज १०-१ झालं तर रहीमसाहेब विमानतळावरून घरीसुद्धा पोचले नसते.

नोव्हेंबरात मी हॉस्टेलवर परत आलो तेव्हा मनातून बराच शांत झालो होतो. १८ तारखेला ढाक्यात बांगलादेशशी मॅच होती. पात्रता संपलेली, नुसती अब्रूची मॅच. बाराव्या मिनिटाच्या आसपास गोल खाल्ला आणि ०-१ हरलो. बांगलादेशकडून २००३ नंतर पहिल्यांदाच. माझी सगळी शांतता गेली. मामा, खांब, पळती सगळं विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कुरासाओ वर्ल्ड कपला पात्र झालं. दीडेक लाख वस्तीचं बेट! मेसमध्ये हाच विषय : दीड लाखातून अकरा निघतात, एकशे चाळीस कोटींतून निघत नाहीत, काय तो कोच आणि काय ती टीम. ऐकायला भारी वाटतं म्हणून मीही दोन टेबलांवर फिरून हेच बोललो. नंतर जरा वाचलं. कुरासाओचे जवळजवळ सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले आणि तिथल्या अकादम्यांत तयार झालेले. कोच डिक अॅडव्होकाट, वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्या शेवटच्या मॅचला तो घरच्या कारणानं हजरही नव्हता. टीमनं त्याच्याशिवाय ०-० काढली आणि तेवढी पुरली. म्हणजे कोच नसतानाही टीम उभी राहायची ती राहिली, कारण पोरं बारा-तेराव्या वर्षापासून कुणीतरी घडवलेली होती. आणि हो, ती ०-० होती. तिथं कुणी ढोल घेऊन घरी गेलं नाही.

आपल्याकडे बाराव्या वर्षी काय मिळतं? माझ्यापुरतं सांगतो. १५ सप्टेंबर २०१७ ला महाराष्ट्र सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ केलं, एका दिवशी राज्यात दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा. आमच्या शाळेतही खेळलो. मी पाचवी-सहावीत असेन. कोरा करकरीत बॉल, त्याला नवीन रबराचा वास. त्या दिवशी माझा पाय एकदा लागला. पुढच्या आठवड्यात बॉल पीटी सरांच्या कपाटात गेला आणि ‘हवा भरायची पिन हरवली’ हे कारण आम्ही दहावीपर्यंत ऐकलं. दहा लाखांपैकी किती जणांना दुसऱ्यांदा बॉल मिळाला, मला खरंच कुतूहल आहे. माझ्यासारखे ते सगळे आज लाइनच्या बाहेर उभे राहून कोचला शिव्या देत असतील.

हे सगळं लिहून झाल्यावर आपल्या ग्राउंडकडे येतो.

सर आल्यापासून झालेल्या दोन मॅचचं मी परवा आमच्या गोलकीपरला विचारलं. तो माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचला आहे. गेल्या वर्षी एका मॅचमध्ये त्यानं पाच गोल खाल्ले होते आणि मेसमध्ये त्याला ‘चाळणी’ म्हणायचे. (मी पण म्हणायचो.) या वर्षी दोन मॅच मिळून एक गोल, तोही पेनल्टीवर. तो म्हणाला, “पहिल्यांदा मला कळतंय की समोरनं कोण येणारे.” मग त्यानं सांगितलं की सर पुढचं, म्हणजे अटॅकचं, शिकवायला सुरुवात करणार होते, पण त्यासाठी पूर्ण टीम एकत्र लागते. आणि पूर्ण टीम येते कधी? थर्ड इयरचं प्रॅक्टिकल साडेसहापर्यंत. सातला अंधार. फ्लडलाइट आहेत, त्याची चावी कुणाकडे आहे यावर तीन मतं आहेत. म्हणजे सरांच्या हाताला रोज मिळतात सहा-सात पोरं आणि पाऊण तास. एवढ्यात डिफेन्सच शिकवून होतो. अटॅकला चावी लागते.

खालिदला पंधरा दिवस, आपल्या सरांना पाऊण तास. आणि दोघांच्या नावानं बोंब मारायला आपल्याकडे आख्खी रात्र.

मी असं म्हणत नाही की सरांना काही बोलायचं नाही. ०-१ च्या मॅचला शेवटची दहा मिनिटं उरली तरी पाच डिफेंडर मागं ठेवले, ते चुकलं, आणि मी हे त्यांना तोंडावर विचारणार आहे. मामाच्या भाषेत, पाठलागाचा डाव होता सर. पण ‘बदलणेबाबत’ हा विषय चुकीचा आहे. विषय हवा होता ‘फ्लडलाइटची चावी मिळणेबाबत’ आणि ‘आठवड्यातून दोन दिवस प्रॅक्टिकल लवकर सोडणेबाबत’. त्या अर्जावर एकसष्ट सह्या झाल्या असत्या का? कोल्हापूरकराला मी हे विचारलं. तो म्हणाला, “चावीवर कोण सही करतंय भावा? त्यात मजा काय?” निदान खरं बोलला.

काल रात्री जेवण झाल्यावर मी बोर्डाजवळ गेलो आणि तेवीस नंबर खोडला. निळ्या पेनानं, दोन रेघा. मेसच्या मावशी भांडी आवरत होत्या, त्यांनी विचारलं, “काय रं, सही वापस घेतली का?” हो म्हटलं. “मग डाग बी पुसून काढ,” म्हणाल्या. डाग निघाला नाही.

आज सकाळी बघितलं तर अकरा नंबरवरही दोन रेघा आहेत. कुणाची सही ते सांगत नाही, मडगावचा आहे एवढंच. बाकीच्या एकोणसाठ जणांसाठी : तिसरी मॅच येत्या शनिवारी चार वाजता, आपल्याच ग्राउंडवर. ढोलवाल्याला मी निरोप धाडलाय. हाफटाइमनंतरही थांबायचे पैसे वेगळे लागतील म्हणतोय, रूम नंबर एकशे सातमध्ये वर्गणी जमा करतोय.